फायनल किती? : संग्राह्य वस्तूंचा ऑनलाइन भाव आणि त्यावरची घासाघीस

जुन्या वस्तूंची खरेदी-विक्री चालते अशा कुठल्याही संकेतस्थळावर एखाद्या जुन्या रेकॉर्डचं नाव टाकून बघा. तीच गाणी, तीच कंपनी, तेच वर्ष. पण एक जण ४०० मागतोय, दुसरा ११००, आणि तिसऱ्याने सरळ ५००० लावून ठेवलेत. (चलन कुठलंही धरा, या लेखात हिशेबासाठी घेतलेले आकडे नुसते आकडे आहेत.) नवखा माणूस इथेच अडतो. ४०० वाला फसवतोय की ५००० वाला लुटतोय? बहुतेक वेळा दोन्ही नसतं. पडद्यावर दिसतात त्या मागण्या असतात, आणि मागायला काही खर्च येत नाही.

संग्राह्य वस्तूंच्या सौद्यात घासाघीस बिनसते तेव्हा दोघेही एकमेकांना लोभी ठरवून मोकळे होतात. मला मात्र कारण वेगळं वाटतं. एका वस्तूच्या एका वेळी चार किमती असतात: मागितलेली, प्रत्यक्ष विकली गेलेली, विकणाऱ्याच्या हातात पडणारी आणि घेणाऱ्याच्या खिशातून जाणारी. विकणारा पहिली आणि तिसरी धरून बोलतो, घेणारा दुसरी आणि चौथी. दोघंही खरं बोलत असतात, फक्त एकाच आकड्याबद्दल बोलत नसतात.

मागितलेला भाव आणि मिळालेला भाव

पहिला नियम अनुभवी संग्राहकांच्या तोंडी असतोच: चालू जाहिराती बघू नका, झालेल्या विक्री बघा. पण तो का पाळायचा हे समजून घेण्यासारखं आहे.

वाजवी किमतीला लावलेली वस्तू दोन-चार दिवसांत उचलली जाते आणि यादीतून नाहीशी होते. अव्वाच्या सव्वा किंमत लावलेली वस्तू वर्षभर तशीच पडून राहते. त्यामुळे तुम्ही कधीही यादी उघडा, तिथे न विकल्या गेलेल्या महाग वस्तूंचाच भरणा दिसणार. ती यादी बाजाराचा भाव सांगत नाही, बाजाराने काय नाकारलं ते सांगते. आणि गंमत अशी की नवा विकणारा हीच यादी बघून स्वतःची किंमत ठरवतो. मग त्याचीही वस्तू त्याच रांगेत जाऊन बसते.

ईबेसारख्या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर झालेल्या विक्री वेगळ्या गाळून बघता येतात. रेकॉर्ड, नाणी, संग्राह्य पत्ते (खेळाडूंची वगैरे चित्रं असलेली ट्रेडिंग कार्डं) यांच्यासाठी विक्रीच्या नोंदी ठेवणारी स्वतंत्र संकेतस्थळंही आहेत. पण तिथले आकडेही डोळे झाकून घेऊ नयेत. समजा एका रेकॉर्डच्या सात विक्री सापडल्या: ६२०, ७००, ७४०, ७८०, ८००, ८५० आणि १९००. सरासरी काढली तर ९१३ येते. सातपैकी सहा प्रती त्याच्या खाली गेल्या आहेत, म्हणजे ही सरासरी कुणाच्याच कामाची नाही. सगळा घोळ त्या १९०० ने केलाय. तिथे जाऊन फोटो बघा. कदाचित त्या प्रतीवर गायकाची सही असेल, कदाचित ती न उघडलेली असेल, किंवा दोन हट्टी माणसं लिलावात एकमेकांना भिडली असतील. अशा वेळी आकडे चढत्या क्रमाने लावून मधला घ्यावा. इथे तो ७८० आहे. मग वाजवी भाव ७८० का? नाही. वाजवी भाव म्हणजे साधारण ७०० ते ८५० हा पट्टा, आणि त्या पट्ट्यात तुमच्या समोरची प्रत कुठे बसते हाच खरा प्रश्न. संग्राह्य वस्तूला एकच नेमका भाव असतो अशा समजुतीने सौद्याला बसलं की भांडण ठरलेलं.

विक्रीच्या नोंदीतही दोन खड्डे आहेत. विकणाऱ्याने घासाघीस करून कमी किमतीला वस्तू दिली असेल तरी काही ठिकाणी नोंदीत जुनी, मागितलेली किंमतच दिसते. आणि लिलावात सर्वांत मोठी बोली लावणाऱ्याने नंतर पैसेच भरले नाहीत, तरी तो आकडा काही काळ ‘विक्री’ म्हणून मिरवतो. एखादी विक्री बाकीच्यांपेक्षा फारच वर दिसली आणि तीच वस्तू आठवड्याभरात पुन्हा विकायला आली, तर काय झालं असेल ते ओळखायचं.

जुनं, दुर्मीळ आणि हवंहवंसं

‘शंभर वर्षं जुनं आहे’ हे वाक्य विकणारे मोठ्या विश्वासाने लिहितात. वयाला स्वतःची किंमत जवळपास नसते. पेनी ब्लॅक हे १८४० सालचं, जगातलं पहिलं चिकटवण्याचं टपाल तिकीट. याहून जुनं तिकीट असूच शकत नाही. पण त्याच्या सुमारे ६ कोटी ८८ लाख प्रती छापल्या गेल्या आणि बऱ्याच टिकल्या. त्यामुळे ते नाव मोठं असूनही दुर्मीळ नाही. साधारण अवस्थेतली वापरलेली प्रत हौशी संग्राहकालाही परवडते. उलट १८५६ चं ब्रिटिश गियानाचं एक सेंटचं किरमिजी तिकीट जगात एकच माहीत आहे. ते २०१४ मध्ये सुमारे ९५ लाख डॉलरला गेलं.

आता पुढची गोष्ट. तेच तिकीट २०२१ मध्ये पुन्हा लिलावात आलं आणि सुमारे ८३ लाख डॉलरला गेलं. सात वर्षांत दहा लाखांहून जास्त डॉलरची घट, आणि दरम्यान जगात दुसरी प्रत काही सापडली नव्हती. दुर्मिळता जिथल्या तिथे होती, फक्त त्या दिवशी त्या दालनात तेवढे पैसे मोजणारं कुणी नव्हतं. ‘जुन्या वस्तूंचे भाव वाढतच जातात’ असं ठणकावून सांगणाऱ्याला हे उदाहरण दाखवावं.

मागणी हा या तिघांतला सगळ्यांत चंचल घटक. लोक बहुधा आपल्या लहानपणी हव्याशा वाटलेल्या वस्तू हातात पैसा आल्यावर गोळा करतात. त्यामुळे एका पिढीचा ओढा दुसरीकडे तसाच उतरेल याची खात्री नसते. आणि ‘संग्रहासाठी खास’ असा शिक्का कारखान्यातूनच मारून आलेल्या वस्तूंपासून तर सावधच राहावं. १९९० च्या दशकात अमेरिकेत बीनी बेबीज या कापडी खेळण्यांचं वेड पसरलं होतं. कंपनी एकेक नमुना बंद करत जायची, लोक लेबलं न काढता ती जपून ठेवायचे. सगळ्यांनीच जपून ठेवली. जी वस्तू सगळे जपतात ती दुर्मीळ कशी होणार? जुनी खेळणी महाग का असतात, तर मुलांनी ती मोडली आणि मोठ्यांनी ती फेकून दिली म्हणून.

अवस्था : इथेच खरे पैसे आहेत

भावातला सर्वांत मोठा फरक अवस्थेमुळे पडतो, आणि घासाघिशीतला सर्वांत मोठा गैरसमजही तिथलाच.

नाण्यांच्या जगातली गोष्ट बघा. विल्यम शेल्डन या अमेरिकन संग्राहकाने १९४९ मध्ये तांब्याच्या जुन्या अमेरिकन सेंट नाण्यांसाठी १ ते ७० अशी श्रेणी मांडली. ७० च का, १०० का नाही? कारण त्याची कल्पनाच भावावर उभी होती: सर्वांत झिजलेल्या नाण्याला १ मोजावा लागत असेल, तर त्याच जातीच्या निर्दोष नाण्याला ७० मोजावे लागतील. ते गणित लवकरच कोलमडलं. श्रेणी मात्र टिकली आणि आज जगभर वापरली जाते. आता वरच्या टोकाला एका अंकाच्या फरकाने किंमत दुप्पट किंवा चौपट होऊ शकते, आणि तो एक अंक साध्या डोळ्यांना दिसेलच असं नाही. याच कारणाने १९८० च्या दशकात तिऱ्हाईत श्रेणी देणाऱ्या कंपन्या पुढे आल्या. तुमचं नाणं तपासायचं, अंक द्यायचा आणि प्लास्टिकच्या डबीत सील करायचं. पुढे पत्ते, कॉमिक्स यांच्यासाठीही तेच सुरू झालं.

प्रत्येक प्रकारात अवस्थेचं गणित निराळं असतं आणि बाहेरच्या माणसाला ते विचित्र वाटतं. नाणं चमकावं म्हणून घासलं की त्याचा भाव वाढत नाही, पडतो. एकदा गेलेला मूळ पृष्ठभाग परत येत नाही. न वापरलेल्या टपाल तिकिटाच्या मागच्या डिंकालाही किंमत असते, आणि अल्बममध्ये लावायला चिकटवलेल्या कागदी बिजागरीची खूण त्यावर राहिली तर भाव उतरतो. रेकॉर्डची तबकडी आणि तिचं कव्हर यांची अवस्था वेगवेगळी सांगायची असते. आधुनिक काळातल्या पुस्तकांच्या पहिल्या आवृत्तीत वरचं कागदी जॅकेट नसेल तर बऱ्याचदा किमतीचा मोठा हिस्सा गेलाच म्हणून समजा. खेळण्याच्या मूळ खोक्याचंही तेच.

म्हणून ‘अशीच वस्तू २००० ला गेली’ असं कुणी म्हटलं की ‘अशीच’ या शब्दावर बोट ठेवायचं. फोटो शेजारी शेजारी लावा. कोपरे, कडा, डाग, दुरुस्तीच्या खुणा. मागची बाजू. फोटो तिरका, अंधारा किंवा फक्त पुढून काढलेला असेल तर लिहून प्रकाशातला फोटो मागवा. ज्याच्या हातात खरोखर चांगली वस्तू आहे तो सहसा खूश होऊन चार फोटो जास्तच पाठवतो.

विकणाऱ्याने स्वतःच दिलेल्या श्रेणीवर किती विश्वास ठेवायचा? यावर एक झणझणीत प्रयोग झाला आहे. जिंजर जिन आणि अँड्र्यू काटो या अर्थशास्त्रज्ञांनी ईबेवरून, कुठल्याही कंपनीने श्रेणी न दिलेले बेसबॉलचे पत्ते विकत घेतले आणि मग ते जाणकारांकडून तपासून घेतले. २००६ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले. ‘जवळपास निर्दोष’ असा भपकेदार दावा केलेल्या पत्त्यांना भाव जास्त मिळत होता, पण दर्जा काही सरस नव्हता. उलट फसवणुकीचं प्रमाण तिथे जास्त होतं. जो छातीठोकपणे ‘दहापैकी दहा’ म्हणतो पण डबीत सील करून घेत नाही, त्याला तपासणीचा खर्च परवडत नसेल किंवा तपासणीचा निकाल परवडत नसेल. दोन्ही शक्यता धरून भाव लावावा.

दुसरी बाजूही सांगतो. विकणाऱ्याने सरसकट प्रत्येक वस्तू श्रेणीसाठी पाठवणं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. तपासणीची फी, जाण्या-येण्याचं टपाल आणि विमा मिळून वस्तूच्या निम्म्या किमतीएवढे होत असतील, तर ती वस्तू चांगल्या फोटोंसह तशीच विकलेली बरी.

हातात किती, खिशातून किती

आता ती तिसरी आणि चौथी किंमत. यावर बोललं जात नाही, आणि चिडचिड इथेच जन्माला येते.

विकणारा ९०० मागतोय, घेणारा ८०० म्हणतोय. टपालखर्च १२० घेणाऱ्याकडे. संकेतस्थळाचं कमिशन १२ टक्के धरू. बऱ्याच ठिकाणी ते टपालखर्च धरून एकूण रकमेवर लागतं. पॅकिंगचं सामान ४०. सौदा ८०० ला ठरला तर घेणाऱ्याच्या खिशातून ९२० जातात. विकणाऱ्याच्या हातात मात्र कमिशनचे ११० आणि पॅकिंगचे ४० वजा होऊन ६५० पडतात. एकाच सौद्यात दोघांच्या आकड्यांत २७० चा फरक. घेणारा मनात म्हणतो, ‘९२० दिले, अजून काय हवं याला!’ विकणारा म्हणतो, ‘६५० ला गेली, फुकट घालवली.’ वस्तू देशाबाहेर जाणार असेल तर सीमाशुल्काने ही दरी आणखी रुंद होते.

म्हणून भाव बोलताना ‘टपालासकट’ की ‘टपालाशिवाय’ हे आधी स्पष्ट करायचं. आणि शेवटचे ५० सुटत नसतील तर किंमत सोडून खर्चाकडे बघायचं. एकाच विकणाऱ्याकडून तीन वस्तू घेतल्या तर टपाल एकदाच लागतं, पॅकिंग एकदाच होतं. तिथे वाचलेले पैसे दोघांत वाटून घेता येतात आणि कुणालाच माघार घेतल्यासारखं वाटत नाही. माझ्या मते ऑनलाइन घासाघिशीतला हा सर्वांत कमी वापरला जाणारा डाव आहे.

व्यापाऱ्याने दिलेला भाव ऐकून धक्का बसणारेही पुष्कळ असतात. ‘नेटवर १००० ला जाते आणि हा ५०० देतो!’ पण व्यापाऱ्याला ती वस्तू साफ करायची, तिचे फोटो काढायचे, महिनोन्‌महिने सांभाळायची, कमिशन भरायचं आणि दहातल्या दोन विकल्याच गेल्या नाहीत तर तो तोटाही सोसायचा. तुम्हाला रोख पैसे आज मिळतात, त्याचा मोबदला त्या फरकात आहे. वेळ असेल तर स्वतः विका, घाई असेल तर फरक सोसा.

अविश्वासाचा कर

ऑनलाइन भाव प्रत्यक्षातल्या भावापेक्षा अनेकदा कमी का मिळतो, याचं उत्तर जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्येच, जुन्या मोटारींचं उदाहरण घेऊन दिलं होतं. विकणाऱ्याला वस्तूची खोड माहीत असते, घेणाऱ्याला नसते. मग घेणारा सगळ्याच वस्तूंना मधलाच भाव देतो. तो भाव चांगली वस्तू असलेल्याला परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो, आणि मागे उरतो तो खराब माल. या विचारासाठी त्यांना २००१ चं अर्थशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं.

अविश्वासापोटी भावातून कापला जाणारा हा कर कमी करायचा उपाय विकणाऱ्याच्याच हातात आहे: खोड स्वतःहून सांगणे, फोटोत ती जवळून दाखवणे, परत घेण्याची हमी देणे. नावलौकिकाला तर मोजता येईल अशी किंमत आहे. पॉल रेस्निक हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका जुन्या, भरपूर चांगले अभिप्राय असलेल्या विक्रेत्याकडून जुनी पोस्टकार्डं विकवली. तो काही विक्री स्वतःच्या ओळखीने करी, तर तशाच पोस्टकार्डांची विक्री नव्या, अनोळखी नावांनी करी. २००६ मध्ये छापलेल्या निष्कर्षानुसार जुन्या नावाला घेणारे ८.१ टक्के जास्त मोजायला तयार होते. नुकतंच खातं उघडलेल्याने तज्ज्ञ विक्रेत्याएवढाच भाव मागू नये, आणि घेणाऱ्यानेही त्याच्याकडून थोडी सूट मागायला संकोचू नये.

आता घासाघीस

‘फायनल किती?’ हा दोन शब्दांचा निरोप विकणाऱ्यांना दिवसातून कितीदा तरी येतो आणि बरेच जण त्याला उत्तरच देत नाहीत. योग्यच करतात. या प्रश्नात विचारणाऱ्याने स्वतःकडचं काहीच टाकलेलं नसतं. विकणाऱ्याने आधी खाली यायचं आणि मग त्या खालच्या आकड्यावरून पुढची घासाघीस सुरू व्हायची, असा तो मामला. उत्तर द्यायचंच तर ‘तुम्ही किती धरलेत?’ एवढं पुरे.

त्याऐवजी असा निरोप बघा:

‘नमस्कार. फोटो नीट बघितले. कव्हरची वरची कड फाटलेली आहे आणि दुसऱ्या बाजूला लेबलजवळ एक ओरखडा दिसतो. गेल्या तीन महिन्यांत याच अवस्थेतल्या प्रती ७०० ते ८०० च्या दरम्यान गेल्या आहेत. टपाल वेगळं धरून मी ७४० देऊ शकतो. जमत असेल तर आजच पैसे भरतो.’

याला आलेलं उत्तर: ‘ओरखडा वरवरचा आहे, सुई तिथे अडकत नाही. वाजवून दाखवलेला व्हिडिओ पाठवतो. ७८० ला देईन.’

इथे काय झालं? पहिल्याने आकडा दिला आणि आकड्याचं कारण दिलं. दुसऱ्याने कारणाला कारणाने उत्तर दिलं आणि एक नवी माहिती पुढे केली. आता व्हिडिओ बघून ७८० योग्य वाटले तर घ्या, नाहीतर ७६० म्हणून बघा. कुणीही कुणाला पाडलेलं नाही. वस्तू पट्ट्यात नेमकी कुठे बसते एवढंच दोघांनी मिळून शोधलं.

या देवाणघेवाणीवर प्रचंड प्रमाणात अभ्यास झालेला आहे. ईबेवर ‘तुमची ऑफर सांगा’ अशी सोय असलेल्या अडीच कोटींहून अधिक जाहिराती तपासून अर्थशास्त्रज्ञ मॅथ्यू बॅकस आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये लेख प्रसिद्ध केला. त्यांना दिसलं की माणसं एकमेकांचं बघून सवलत देतात: समोरचा सरकला की आपणही सरकतो, तो अडून बसला की आपणही. आणि शेवटच्या दोन आकड्यांच्या बरोबर मधला आकडा पुढे आला की तो स्वीकारला जाण्याची शक्यता वाढते. मध्यावर भेटण्याची ही ओढ लक्षात ठेवावी, पण तिच्यावर विसंबू नये. मध्य कुठे येतो हे सुरुवातीच्या आकड्यांवर ठरतं. वस्तू ७८० ची आणि मागणी २००० ची असेल, तर ६०० म्हणून ‘मध्यावर’ १३०० ला सौदा करणाऱ्याने काही कमावलं नाही. ट्वर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये दाखवलं होतं की आधी ऐकलेला आकडा, तो कितीही असंबद्ध असला तरी, पुढचा अंदाज स्वतःकडे ओढून घेतो. उपाय सोपा आहे. जाहिरातीची किंमत मनावर ठसण्याआधी झालेल्या विक्री बघून आपला आकडा कागदावर लिहून ठेवायचा.

बॅकस आणि सहकाऱ्यांचं आधीचं एक संशोधन विकणाऱ्यांच्या कामाचं आहे. गोल आकड्याला लावलेल्या वस्तूंना, त्याच्या आगेमागेच्या नेमक्या आकड्यांपेक्षा, ऑफर कमी किमतीच्या येतात. पण त्या लवकर येतात आणि वस्तू विकली जाण्याची शक्यताही जास्त असते. म्हणजे १००० असं लिहिलं की ‘मी भाव करायला तयार आहे, मला मोकळं व्हायचंय’ असा अर्थ समोर पोचतो. ९८५ लिहिलं की ‘हिशेब करून लावलंय’ असा. घाई असेल तर गोल आकडा लावा, नसेल तर नेमका.

मागून बघायला काय जातं, म्हणून निम्म्याहून कमी ऑफर ठोकून देणारे असतात. जातं ते हे: लहान क्षेत्रांत तेच तेच विक्रेते वारंवार भेटतात, आणि ज्याने एकदा ८०० च्या वस्तूला २०० म्हटले त्याच्या पुढच्या निरोपाला शेवटचा नंबर लागतो. कमी ऑफर द्यायचीच तर पुराव्यासह द्यावी. आणि विकणाऱ्याने ती अपमान म्हणून घेऊ नये. ‘७५० च्या खाली जमणार नाही’ एवढं लिहून विषय संपवावा. सहा महिने पडून असलेल्या जाहिरातीवर भाव करण्याला जागा जास्त असते. काल लावलेल्या वाजवी वस्तूवर मात्र घासाघीस करत बसलात तर तिसराच येऊन घेऊन जाईल.

एक संकेत मात्र मोडू नये. ऑफर दिली आणि समोरच्याने ती मान्य केली, की सौदा झाला. ‘आता अजून ५० कमी करा’ हे त्यानंतर बोलायचं नसतं. तसंच, कमिशन वाचवायला ‘बाहेरून पैसे पाठवा’ असं कुणी सुचवलं तर त्या थोड्या बचतीसाठी तुम्ही संकेतस्थळाचं सगळं संरक्षण सोडून देता. अनोळखी माणसाशी असं करू नये.

आपलं ते सोनं

विकणाऱ्याची खरी अडचण वेगळीच असते: वस्तू आपली झाली की ती मौल्यवान वाटू लागते. कानेमन, नेच आणि थेलर यांनी १९९० मध्ये साध्या कपांवर प्रयोग केला. यादृच्छिकपणे निम्म्या लोकांना कप दिले. ज्यांना कप मिळाला ते तो विकायला जी किंमत मागत होते, ती कप नसलेले लोक जी मोजायला तयार होते तिच्या साधारण दुप्पट होती. कप हातात येऊन काही मिनिटंच झाली होती. वीस वर्षं जपलेल्या संग्रहाचं काय होत असेल! जॉन लिस्ट यांनी २००३ मध्ये खेळांशी निगडित संग्राह्य वस्तूंच्या मेळाव्यातच असा प्रयोग केला, तेव्हा सतत देवघेव करणाऱ्या अनुभवी लोकांत ही ओढ फारच कमी दिसली. म्हणजे हा रोग सरावाने बरा होतो. तोवर एक प्रश्न स्वतःला विचारावा: ही वस्तू माझ्याकडे नसती, तर आज मी तिला एवढे मोजले असते का?

लिलावात उलटा धोका असतो. एका तेल कंपनीच्या अभियंत्यांनी १९७१ मध्ये एक गोष्ट निदर्शनास आणली होती: सगळेच अंदाजाने बोली लावतात, तेव्हा ज्याचा अंदाज सर्वांत फुगलेला तोच जिंकतो, आणि जिंकूनही हरतो. संग्रहाच्या लिलावात यावर एकच तोड आहे. कमाल आकडा आधी ठरवायचा, संकेतस्थळावर ती कमाल बोली नोंदवायची आणि उठून जायचं. यंत्रणा दुसऱ्याच्या बोलीपेक्षा जेमतेम वर तुमची बोली ठेवत जाते. बरेच जण शेवटच्या काही सेकंदांत बोली लावतात, तेही त्यामागे विचार करूनच: आधी बोली लावली की समोरच्याला विचार बदलायला वेळ मिळतो. मात्र भाव चढवण्यासाठी विकणाऱ्याच्याच माणसाने बोली लावणं हे फसवणूक आहे, आणि एकाच विक्रेत्याच्या वस्तूंवर सतत बोली लावून कधीच न जिंकणारं खातं दिसलं तर तिथून काढता पाय घ्यावा.

ज्याला माहीत नाही त्याच्याकडून

कुणी अज्ञानापोटी हजाराची वस्तू शंभरला लावली, तर ती घ्यावी का? मतभेद आहेत, माझं मत सांगतो. उघड्या बाजारात, सगळ्यांना दिसेल अशी लावलेली किंमत तुम्ही मोजलीत तर त्यात गैर काही नाही. शोधण्यात तुमचे तास गेलेत, ओळखायला तुमचं ज्ञान लागलंय. पण कुणी तुम्हाला जाणकार समजून ‘याचे किती येतील?’ विचारलं, आणि तुम्ही जाणूनबुजून कमी सांगून स्वतःच ती वस्तू उचललीत, तर तो सौदा राहत नाही, ती लबाडी होते. दिवंगत माणसाचा संग्रह घरचे विकायला काढतात तेव्हा हे फार घडतं. त्यांना एकच सल्ला: पूर्ण संग्रहाची मोघम किंमत ऐकून ‘हो’ म्हणू नका. फोटोंसह यादी करा, निदान दोन वेगवेगळ्या माणसांना दाखवा, आणि सर्वांत चांगल्या चार वस्तू कोणत्या हे कळेपर्यंत काहीही सुटं विकू नका. कारण त्या चार गेल्या की उरलेल्या ढिगाला कुणी विचारत नाही.

सौदा ठरला तरी घासाघीस कधी कधी पार्सल पोचल्यावर पुन्हा सुरू होते. ‘वर्णनात नसलेला डाग आहे, २०० परत करा, वस्तू ठेवतो.’ कधी ही तक्रार खरी असते, कधी उशिराची सूट मागण्याची युक्ती. विकणाऱ्याने खोकं बंद करण्याआधी वस्तूचे सगळ्या बाजूंनी, खोडांच्या जवळून, तारखेसह फोटो काढून ठेवावेत आणि अशा निरोपाला ‘परत पाठवा, पूर्ण पैसे देतो’ असं उत्तर द्यावं. डाग खरा असेल तर पार्सल परत येतं. घेणाऱ्याने पार्सल उघडताना न थांबवता व्हिडिओ काढावा, खोक्यावरच्या पत्त्यापासून वस्तू बाहेर येईपर्यंत, आणि तक्रार करायचीच तर त्याच दिवशी करावी.